गुलाबकाकांची अकरा डोकी

वडनेर भोलजीत आमच्या गुलाबकाकांना लोक 'इतिहासवाले' म्हणतात. ही पदवी त्यांनी स्वतःच दारोदार वाटली आहे. एकतीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा ही गावं त्यांनी हजारदा पाहिली, म्हणजे तिथले स्टँड पाहिले. भजी कुठे गरम मिळतात आणि पाणपोईला तोटी कुठे नाही, एवढ्या संशोधनावर माणूस निवृत्तीनंतर अभ्यासक होतो, हे मला त्यांच्यामुळेच कळलं.

दरवर्षी दीक्षाभूमीवरून परतलं की आठ दिवसांत त्यांची ऐतिहासिक सहल निघते. भावकीतली माणसं, जाकीरभाईची क्रूझर आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. यंदा लोणारच्या काठावर त्यांनी दिलेलं व्याख्यान मी पूर्ण देतो, काहीही गाळलेलं नाही: "वरून दगड पडला. खड्डा झाला. पाणी खारं हाये. चला." मेहकरच्या देवळात मूर्तीपर्यंत पोचायच्या आत मागून काकांची 'चला'ची टाळी ऐकू आली. रस्त्याने लोक डांबरावर सोयाबीन वाळत घालून बसले होते, मळणीयंत्रांचा धुरळा उडत होता, तुरी फुलांवर आल्या होत्या. काका तिकडे बघून म्हणाले, "हा विनंती थांबा व्हता."

त्यांची खरी विद्या म्हणजे माणसं मोजणं. यंदा काका-काकू धरून आम्ही अकरा होतो. सगळे चढले की दारात उभं राहून, हवेत पेन्सिल नाचवत, डोकी मोजायची. तोंडाकडे बघायचं नाही. मी एकदा विचारलं, काऊन? तर म्हणाले, "तोंडं पाहात बसलो असतो तं गाडी सुटली असती का बे?"

आता तानाकाकूंबद्दल. एकतीस वर्षं त्यांनी पहाटे चारला उठून या माणसाचा डबा भरला आणि संध्याकाळी त्याच्या तोंडून सिंदखेडच्या मोती तलावाची तारीफ ऐकली. सहली सुरू झाल्यावर काकू तीन वर्षं सिंदखेडला जाऊन आल्या आणि तिन्ही वेळा गाडीतच बसून राहिल्या. सामानाजवळ घरचं माणूस पाहिजे, हा काकांचा नियम. यंदा निघायच्या आधी सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "औंदा मी थैल्या राखत नाही. मले त्या तलावाच्या पाळीवर निवांत बसाचं हाये. घंटाभर."

"दहा मिनिटं," काका म्हणाले. जणू स्वतःच्या खिशातली देत होते.

सिंदखेडला वाडा दहा मिनिटांत उरकला. मग तलाव. काकू उतरल्या त्या मागे न बघता पाळीवरून थेट पलीकडच्या टोकाला गेल्या. इकडे विळा-पिशवी घेतलेली एक बाई जाकीरभाईंना विचारत होती, साखरखेर्ड्यापर्यंत येऊ देता का. अन्नपूर्णाबाई नाव तिचं, सोयाबीन सोंगून घरी निघालेली. जाकीरभाई म्हणाले, "बसा की, मौसी." ती मागच्या बाकाच्या कोपऱ्यात बसली आणि धुळीसाठी घेतलेला पदर तिने तसाच तोंडावर ठेवला.

काकांनी मोजलं. "अकरा. चला."

काका पुढे बसले, मी त्यांच्या शेजारी. मागे माझी चुलतबहीण दीपमाला मोबाईलमध्ये. तिला वाटलं काकू पुढे असतील. मला वाटलं मागे असतील. काकांना काहीच वाटलं नाही, कारण अकरा भरले होते.

साखरखेर्ड्याला अन्नपूर्णाबाई उतरली. काकांनी लगेच पुन्हा मोजलं. दहा. चेहऱ्यावर समाधान. "एक उतरलं, दहा राह्यले. हिशेब बरोबर हाये."

"आन् काकू?" दीपमाला म्हणाली.

बायको सोडून आल्यावर माणूस घाबरतो, निदान कपाळाला हात लावतो. काका आधी जाकीरभाईंवर उखडले. "तुमी परस्पर सवारी घेतली कशी?"

"चाचा, गिनती तुमची, सवारी माझी," जाकीरभाई म्हणाले. "बीवी कोणाची, ते बी सांगू का?"

दीपमालाने काकूंना फोन लावला. तो काकांच्याच बॅगेत वाजला. मौल्यवान वस्तू एका ठिकाणी, हाही नियम त्यांचाच. गाडी वळली. परतीच्या वाटेवर काकांनी दोन वेळा घाम पुसला आणि तीन वेळा म्हणाले, "तिले काही समजते का? एकटी बाई, परकं गाव." मग मागे वळून पुन्हा आमची डोकी मोजली. दहाच भरली.

काकू पाळीवरच होत्या. चपला बाजूला, पाय पसरलेले, पदरात कुणीतरी दिलेल्या मूठभर शेंगा. पाण्यावर ऊन तिरपं आलं होतं. शेळ्यांवाल्या एका बाईकडून त्यांनी तलाव कोणी बांधला, पाणी कुठून येतं, कोणत्या साली आटलं होतं, सगळं विचारून घेतलं होतं. आम्हाला दहा मिनिटांत त्यांनी जेवढं सांगितलं, तेवढं काकांनी चार सहलींत सांगितलं नव्हतं.

आमच्यादेखत अब्रू वाचवायची वेळ आली, तसे काका खाकरले. "मी मुद्दामच ठेवलं व्हतं हिले. निवांत पाह्याले भेटावं म्हणून."

काकूंनी एक शेंग फोडली. "हाव. मले तसंच वाटलं."

"मंग? झालं ना आता? चल, उशीर व्हऊन राह्यला."

"लखुजीरायाची समाधी राह्यली हाये. ते बाई म्हणे, पाह्यासारखी हाये." काकू उठल्याच नाहीत. "तुमी जाऊन जाकीरले सांगा, गाडी सावलीत लाव म्हणा. आन् थैल्यांजवळ बसा. घरचं माणूस पायजे तठी."

आम्ही नऊ जण काकूंच्या मागे निघालो. काका गाडीकडे गेले.