दुसरी होडी घेताना

हे मी कुणापाशी बोललेले नाही. बहिणीपाशी नाही, मुलींपाशी नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं बांधकाम सुरू झालं, तिथे यांना नकाशे काढायची नोकरी लागली. नव्या लग्नाचे आम्ही दोघं चिंचणीला खाडीजवळ दोन खोल्यांत राहायला आलो. यांना पाण्याचं वेड. आल्या आल्या एक जुनी होडी घेतली — अरुंद, एकट्यापुरती. मासे धरायचे नाहीत, कुठे पोचायचं नाही, नुसतं फिरायचं. कोळीवाड्यातली माणसं हसायची. मीही हसायचे, सुरुवातीला.

रविवारी हे पाण्यात आणि मी काठावर. परत यायचे ते चिखलाने माखून, पण चेहरा असा खुललेला, की रागवावं तरी कसं? एका रविवारी मात्र सफाळ्याला माझ्या मावशीकडे जायचं ठरलं होतं. मी नवं पातळ नेसून बसले. हे आले दिवेलागणीला. विसरले होते. खरोखरच विसरले होते — आणि तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी खाडीवर गेले. ओहोटी लागली होती...

संध्याकाळी होडी जागेवर नव्हती. पुढे ती खडकांवर फुटलेली सापडली. हे कितीतरी वेळ त्या फळ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, गाठ माझीच ढिली राहिली असणार.

गाठ ढिली नव्हती. कसं सांगू? — ती सोडताना माझी नखं दुखली होती. मीच सोडली. वाटलं, जरा पुढे जाऊन चिखलात रुतेल, एखादा रविवार हे घरी राहतील. पण खरं सांगते, दोर हातातून सरकला तेव्हा मला बरंही वाटलं.

पुढच्या वर्षी हे मला घेऊन हिराजीकाकांकडे गेले. काका होड्या बांधायचे. पयल्यासारखीच बांधू का, त्यांनी विचारलं.

"नको," हे म्हणाले. "पहिली घेताना मी फक्त माझाच विचार केला. ही रुंद हवी, दोघांना बसता येईल अशी. आणि वाळूवर ओढून ठेवता आली पाहिजे. माझ्या गाठीवर माझाच भरवसा नाही."

काका माझ्याकडे वळले. "बाय, तुमी काय सांगता?"

तेव्हा सांगता आलं असतं. दोघंही माझ्याकडेच बघत होते. मी तोंड उघडलं — आणि म्हणाले, "निळा रंग द्या."

त्या होडीतून आम्ही खूप फिरलो. यांनी मला वल्हवायला शिकवलं. माझी वल्ही वाकडी पडून पाणी यांच्याच तोंडावर उडायचं, आणि हे डोळे पुसत म्हणायचे, जमतंय की. पुढे मुलीही आमच्यात बसू लागल्या. इतकं सुख मी कुठे ठेवायचं होतं?

पण यांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. वळकटीची दोरीसुद्धा पुन्हा ओढून बघायचे. पाहुणे आले की हसत सांगायचे, मला गाठ मारता येत नाही, पहिली होडी तशीच गेली. सगळे हसायचे.

यांची गाठ पक्की होती. ते फक्त मला माहीत होतं, आणि यांच्या शेजारी बसून, दरवेळी, मीही हसले.