चिन्नोरच्या ढोलीत चिरूट

सदर इसम नामे शालीकराम वल्द पतिराम रहांगडाले, जात पोवार, मुक्काम फुलचूर, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा. उंची मध्यम, बांधा शेलाटा, वर्ण गव्हाळ. ओळखीची खूण: नाकाच्या शेंड्याजवळ तीळ. हुद्दा: बिडी कारखान्याचा मुख्य पारखी. तंबाखूचे कोणतेही पोते सदर इसमाच्या नाकाखालून गेल्याखेरीज उतरवून घेऊ नये, असा मालकांचा कायम हुकूम आहे. दुय्यम पारखी नेमलेला नाही. गरज भासलेली नाही.

एवढ्या तपशिलात एकच गोष्ट राहून गेली. अठरा सालच्या मानमोडीच्या तापातून शालीकराम जिवंत उठला, पण त्याचा वास गेला तो गेलाच. मोगरा आणि मोरी त्याला सारखीच. ही गोष्ट त्याने बायकोला, अनुसयाबाईला, सांगितली आणि तिथेच थांबला. पारख्याचं नाक गेलं म्हणजे पारखी गेला, हे समजायला नाक लागत नाही.

तेव्हापासून तो पोत्यात हात घाली, मूठ नाकाशी नेई, डोळे मिटी आणि म्हणे, "उद्या सांगतो." मूठभर तंबाखू धोतराच्या सोग्यात बांधून घरी येई. अनुसयाबाई चुलीपुढून उठून हुंगत आणि सांगत, "याले ओल लागली," किंवा "घ्या हे, बरं आहे." दुसऱ्या दिवशी शालीकराम पुन्हा डोळे मिटी आणि तेच सांगे. पूर्वी तो जागच्या जागी निकाल देई. आता रात्र घालवू लागला, त्यामुळे त्याची कीर्ती वाढली. गुजरातेतले व्यापारी गोंदियाला हलका माल पाठवायचे बंद झाले.

असं चौतीस सालापर्यंत सुरळीत चाललं. मग नागपूरहून नंदलाल नावाचा एजंट कोट घालून आला. त्याच्याकडे दिंडीगलकडचे चिरूट होते, सुवर्णगज छाप. तो त्यांना सिगार म्हणे. देवदाराची पेटी, प्रत्येक चिरुटाला सोनेरी पट्टी. कारखान्याचे मालक श्यामलाल सेठ यांच्या मनात आलं की शिकारीला येणारे साहेब आणि रेल्वेचे साहेब गोंदियाला उतरतातच, तर या मालाची एजन्सी घ्यावी.

"सेठजी, ये ताजा भी अच्छा है," नंदलाल म्हणाला, "लेकिन साल भर रखो, फिर देखो. पुराना होगा तो दाम भी चढेगा."

हे सेठला पटकन पटलं. भाताच्या मुलखात माल ठेवल्याने चढतो हे कुणाला शिकवावं लागत नाही. नवा तांदूळ गोळा होतो, जुना मोकळा शिजतो.

"शालीकराम, एक पेटी तू ले जा," सेठ म्हणाले. "साल भर घर में रख. फिर ताजा और पुराना, दोनों सूंघ के बोल. तू हां बोलेगा तो माल भरूंगा, ना बोलेगा तो नहीं."

अनुसयाबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला तिरोड्याला गेल्या होत्या. शालीकरामने एकट्याने विचार केला. घरात जुनं होण्याची जागा एकच होती: वासाच्या चिन्नोर तांदळाची छोटी ढोली, बांबूची, आतूनबाहेरून शेणमातीने लिंपलेली. त्याने चिरूट पेटीतून काढले, कडुनिंबाच्या पाल्याबरोबर तांदळात खोल पुरले आणि ढोलीचं तोंड लिंपून टाकलं.

अनुसयाबाई परतल्यावर म्हणाल्या, "तांदळात तंबाखू कायले टाकला?"

"जुनं तं तिथंच होते ना सारं."

"आता लिंपलं तं लिंपलं," त्या म्हणाल्या. लिंपलेली ढोली वर्षाआधी फोडत नाहीत.

वर्ष झालं. सेठ नंदलालला घेऊन फुलचूरला स्वतः येतो म्हणाले. शालीकरामला घाम फुटला तो यामुळे नव्हे. अनुसयाबाईंना त्याच आठवड्यात सर्दी झाली होती. घरात नाकं दोन, आणि दोन्ही बंद.

"उद्या सांगतो म्हणजे झालं," अनुसयाबाई म्हणाल्या.

"सेठ नागपूरच्या मानसाले घेऊन येऊन राहिला. तो उद्यालोक थांबन?"

"मंग खीर तरी चांगली होऊ द्या."

सोवळ्यामुळे पाण्यात शिजवलेला भात सेठला पोवाराघरचा चालत नसे, दुधात शिजवलेला चालत असे. म्हणून पाहुणचाराला खीर. ढोली फोडली, चिरूट काढून ताटात ठेवले, आणि त्याच चिन्नोरची खीर रटरटू लागली. घरभर काय दरवळलं ते घरातल्या दोघांना कळलं नाही.

सेठनी पहिला घास घेतला आणि वाटी खाली ठेवली. नंदलालने दुसरा घास घेतला, कारण तो एजंट होता.

"शालीकराम, खीर में क्या डाला है?"

"विलायची, सेठजी."

"जरा सूंघ के बता."

शालीकरामने वाटी उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले. कारखान्यात मिटायचा तसेच. "चांगली आहे," तो म्हणाला.

सेठ त्याच्याकडे बघत राहिले. नंदलालने तेवढ्यात एक जुना चिरूट पेटवला. तो भाताच्या वाळलेल्या तणसासारखा तडतडला आणि त्यातून धुरासोबत चिन्नोरचा वास आला. नंदलाल खोकत अंगणात गेला.

"कब से?" सेठनी विचारलं.

शालीकरामने वाटी खाली ठेवली. खोटं बोलायला निदान काय घडलं आहे ते माहीत असावं लागतं.

दाराआडून अनुसयाबाई म्हणाल्या, "मानमोडीपासून, सेठजी. त्यायचं नाक नाही, माझं आहे."

"और आज?"

"आज मले सर्दी आहे."

सेठनी मनात हिशेब मांडला. मानमोडीपासून कारखान्याची बिडी बिलासपूरपर्यंत जायला लागली होती. पारख्याला नाक नाही हे बाहेर कळलं असतं, तर गुजरातेतून पुढची खेप कशी आली असती, याचाही त्यांनी विचार केला असावा.

"सर्दी कब जायेगी?" त्यांनी विचारलं.

"आठ दिवस द्या."

नंदलालला ताज्या मालाची पेटी ठेवून नागपूरला जायला सांगण्यात आलं. पारखी विचार करतो आहे, असं कारण दिलं. ते त्याला वजनदार वाटलं.

आठव्या दिवशी अनुसयाबाईंनी ताजा चिरूट मोडला, जुना मोडला, दोन्ही हुंगले. "ताजं चांगलं आहे," त्या सेठच्या माणसाला, बिसरामला, म्हणाल्या. "घ्याचं असन तं थोडं घ्या, अन् साहेब गाडीतून उतरले का लगेच विका. ठेवाचं नाही. तांदूळ कोरडं मागते, याले ओल पायजे. आपल्या इथच्या वैशाखात हे वाळून काटकी होते. अन् सेठजीले सांगा, माझी ढोलीभर चिन्नोर गेली."

"भाऊजी काय म्हणते?" बिसरामने विचारलं.

"ते बी हेच म्हणते," अनुसयाबाई म्हणाल्या. शालीकरामने मान हलवली.

सेठनी एजन्सी घेतली नाही. शिकारीच्या हंगामापुरत्या चार पेट्या मागवल्या, त्या खपल्या. चिन्नोरचं एक पोतं फुलचूरला पोचतं झालं. शालीकरामला कोणी काही बोललं नाही, त्यानेही विचारलं नाही. फरक एवढाच झाला की तंबाखूचा नमुना आता सोग्यात बांधून न्यावा लागेना, बिसरामच घरी आणून देई. नवा माल आला की शालीकराम कारखान्यात जाई, पोत्यात हात घाली, डोळे मिटी, आणि बायका-माणसं बिड्या वळायच्या थांबून त्याच्या तोंडाकडे बघत. त्रेचाळीस साली कारखान्याने त्याला मुख्य पारखी म्हणून शाल दिली आणि त्याच्या अचूक घ्राणेंद्रियाचा लेखी गौरव केला.

अनुसयाबाई शेहेचाळीस सालच्या थंडीत वारल्या. त्यानंतर शालीकराम कामावर गेला नाही.