तांब्याच्या पत्र्यामागची पळापळ

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘वादळ’ म्हणत, तेही तोंडावर. नाव तिने कमावलेलंच होतं. तांब्याच्या पातळ पत्र्यावर जबरदस्त ऊर्जेचे क्ष-किरण सोडायचे. एखादा किरण नेमका अणूच्या गाभ्यात शिरला की एक न्यूट्रॉन बाहेर फेकला जातो, आणि उरलेला गाभा किरणोत्सार सोडत थोड्याच वेळात विझतो. असे किती गाभे फुटले, ते त्यांच्या विझण्यावरूनच मोजायचं. म्हणून किरण थांबले रे थांबले की पत्रा चिमट्यात धरून लांबलचक बोळातून मोजणीच्या खोलीकडे धूम ठोकायची. हे काम तिने कधी कुणाला करू दिलं नाही.

ऊर्जा जितकी कमी, तितके फुटणारे गाभेही कमी. सगळ्यात कमी ऊर्जेचं माप तिला कायम हुलकावणी देत आलं होतं; ती मोजणीच्या खोलीत पोचेपर्यंत ते मोजके गाभे विझून गेलेले असत. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. लेक म्हणाली, “आई, पुरे झालं आता. सरळ टेबलावरचं काम माग.” शेवटचा एक प्रयत्न करून तसं करायचं, असं तिने जड मनाने कबूल केलं.

त्या दिवशी किरणांच्या यंत्रावर निवांतराव होते. आग लागली तरी आधी चहा संपवतील असे गृहस्थ. त्यांच्यावर तोंडसुख घेण्यात तिची निम्मी नोकरी गेली होती. किरण थांबले, दार उघडलं, तिने पत्रा उचलला आणि काठी तिथेच टाकून लंगडत बोळात घुसली.

“अहो, निघालात कुठे?”

“गप्प बसा हो! पत्रा विझतोय इथे!”

“विझेल नाही तर काय! मोजायचं यंत्र इकडे आहे!”

ती गर्रकन वळली. दाराशेजारी, जुन्या कपाटाच्या जागी, शिशाच्या विटांच्या जाड भिंतीआड मोजणीचं यंत्र उभं होतं.

“तुम्ही रजेवर होतात ना, तेव्हा आणलं,” निवांतराव म्हणाले. “बाहेरचा किरणोत्सार आत येत नाही, तपासलंय.”

“या एवढ्या विटा? एकट्याने?”

“हळूहळू. मला कुठे घाई असते?”

एरवी तिने टोला हाणला असता. आज पत्रा आत ठेवून ती पडद्यासमोर बसली. सपाट रेषेवर बारीकसा उंचवटा आला, मग चांगला वर चढला. तिचे डोळे भरून आले.

तिने लेकीला फोन लावला. “टेबलाचं राहू दे गं. इथे आता पळावं लागत नाही.”