जयरामाचं पाच दिवसांचं सोवळं

जयराम माझा धाकटा दीर. आमच्या साळ गावात भला माणूस कोण असं विचारलं, तर लोक त्याचंच नाव घ्यायचे. खाणीवर ट्रकांचं वजन करायच्या काट्यावर तो पंधरा वर्षं होता. खाण बंद पडल्यावर घरची पोफळीची बाग बघू लागला. लग्नाचं राहूनच गेलं. शिरगावच्या लईराई देवीचा तो धोंड, व्रतकरी भक्त. म्हणजे वैशाखात पाच दिवस सोवळ्यात राहायचं, न्हाऊन स्वतः शिजवलेलं खायचं, कुणाला शिवायचं नाही, आणि जत्रेच्या पहाटे गळ्यात मोगरीचे हार घालून होमाच्या निखाऱ्यांतून चालत जायचं. पलीकडे गेलं की हार वडावर टाकायचा आणि घरी यायचं. व्रत सुटलं.

त्या वर्षी जयराम घरी आला, पण सोवळं सुटलं नाही.

आधी आम्हाला कौतुकच वाटलं. मग आषाढात माझे यजमान, रघुनाथ, पोफळीवर औषध मारायला चढले आणि निसरड्या खोडावरून पडले. तीन दिवसांत गेले. त्यानंतर जयरामाचं न्हाणं वाढलं. पोदेराचा उंडो, म्हणजे बेकरीचा पाव, त्याने सोडला, मग माझ्या हातचा भात सोडला. खोलीत स्वतःपुरती पेज करून खाई. कुणाची सावली पडली तरी पुन्हा न्हाणीत. मला वाटलं, भावाचं दुःख माणूस देवाजवळ नेतोय. मीच न्हाणीच्या चुलीवर भाणात पाणी तापवून द्यायची.

शेजारचा बाबली, तीस वर्षं व्रत करणारा जुना धोंड, अंगणातून ओरडून सांगायचा, "असो धोंड अख्ख्या गावात नाय गो वयनी! देवी घर राखतली तुमचा."

मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

फाल्गुनात एक दिवस त्याने पाण्याची कळशी उचलली आणि तिच्या काठावर रक्त दिसलं. बोटांच्या बेचक्यांत कातडीच उरली नव्हती. अंगावर मांस नव्हतं. मी आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टर म्हणाले, पणजीला आणा. पण दुसरं कुणी बसलेल्या बाकड्यावर न बसणारा माणूस बसमध्ये कसा चढणार? तिथल्या नर्सबाईने मला बाजूला घेतलं. "एक मुलगी आहे, मानसोपचारवाली. घरोघरी फिरते, 'मोबाईल सेवा' म्हणतात. मंगळवारी डिचोलीकडे, गुरुवारी पेडण्याकडे." तिने नंबर लिहून दिला. मी तीनदा लावला आणि तीनदा कापला. चौथ्यांदा पलीकडूनच फोन आला, "काकी, बोला. मी थांबते."

गावात कुणीतरी 'मोबाईल सेवा' एवढंच ऐकलं. मंगळवारी बाबली कुंपणाशी हजर. "काय गो वयनी, मोबाईल बिघडलो? दुरुस्तीवाली घरा येता म्हणान आयकलंय. माझोय दाखवतंय, आवाज येना नाय त्याचो."

"तुझा आवाज पुरे आहे, बाबली," मी म्हटलं.

ती मानसोपचारवाली, सुमंगला, स्कूटरवरून आली. तिशीची, पेडण्याची. जयरामाने दार उघडलं नाही. ती बाहेरच्या सोप्यावर, दाराला लागून बसली. मला वाटलं उपदेश करील. तिने पाणी मागितलं आणि दाराकडे तोंड करून विचारलं, "जयरामभाऊ, मला धोंडांचं काही ठाऊक नाही. व्रत किती दिवसांचं असतं?"

आतून आवाज आला. "पाच."

"आज कितवा?"

दहा महिने झाले होते. एवढी साधी गोष्ट घरात कुणी विचारली नव्हती, मी तर नाहीच.

तिसऱ्या मंगळवारी त्याने दार फटीएवढं उघडलं. आत खुंटीला मोगरीचा हार लटकत होता, वाळून काळा झालेला. वडावर टाकलेलाच नव्हता. मी म्हटलं, "अरे, म्हणूनच! चल, आत्ताच टाकून येऊ!"

सुमंगलाने माझा हात धरला. "काकी, हार टाकून भय जात नाही. उद्या ते दुसरं काहीतरी धरून बसेल. आधी भयाशी बसायला शिकू या."

तिची रीत अशी: दाराच्या कडीला हात लावायचा आणि दहा मिनिटं हात धुवायचे नाहीत. एवढंच. आणि मी पाणी तापवायचं नाही. पहिल्या दिवशी तो घामाने निथळला, मला नको नको ते बोलला. मला बघवेना. मी देव्हाऱ्यातलं तीर्थ आणून त्याच्या हातांवर शिंपडलं. तो लगेच शांत झाला. मला वाटलं, पुण्य केलं.

पुढच्या मंगळवारी सुमंगलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकी, तीर्थ चांगलंच. पण त्या घडीला तुम्ही त्यांचे हातच धुवून दिलेत." त्या आठवड्यात तो कडीलासुद्धा शिवला नव्हता. तीर्थाची वाटी दोन-दोनदा मागत होता.

चैत्रात एका सकाळी त्याने तिच्यासमोरच मला हाक मारली. "वहिनी, एक सांगायचंय. जत्रेच्या आदल्या दिवशी मी टपरीवर चहा प्यालो. पलीकडे अंडी तळत होते. तसाच अग्नीत गेलो. हार टाकायला हात उठेना. आणि दोन महिन्यांनी दादा पडला. मी नेला त्याला."

मी लगेच बोलायला हवं होतं. पण एक क्षण माझ्याही मनात आलं, असेल का तसं? आणि ते त्याने माझ्या तोंडावर वाचलं. तो मागे सरकला, दार लोटू लागला.

सुमंगला माझ्याकडे बघत राहिली.

मी उंबरा ओलांडला. पारोशीच होते, केसही विंचरलेले नव्हते. "जयराम, वाटलं मला. पाप्यासारखं वाटलं. पण लईराई आई आहे रे. आई एका कप चहापायी दुसरं पोर नेते का? पोफळ ओली होती. मीच म्हटलं होतं यांना, आजच चढा, उद्या पाऊस वाढेल." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो रडला नाही. दार लोटायचा थांबला. "तू म्हटलंस?"

"हो."

मग मी त्याचा हात धरला. त्याने काढून घेतला नाही. सुमंगलाने घड्याळाकडे बघितलंच नाही त्या दिवशी.

वैशाखात जत्रा आली. अग्नीत जायचं नाही, हे त्यानेच ठरवलं. हार कागदात बांधून आम्ही शिरगावला जायला डिचोलीची बस धरली. गर्दी होती. तो वरच्या दांड्याला दोन बोटं लावून उभा होता. कंडक्टर खेकसला, "ओ पात्रांव, दांडो सारको धरा, पडतले!" त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. परत बघितलं तेव्हा त्याची मूठ दांड्यावर आवळलेली होती.

वडावर हार टाकताना त्याला वेळ लागला. घरी आल्यावर तो न्हाणीत गेला, पाण्याचा आवाज सुरू झाला. चूल थंडच होती, पाणी मी तापवलं नव्हतं. साधं न्हाणं की पुन्हा तेच, कळेना; पण मी दाराबाहेर बसून राहिले आणि दार ठोकलं नाही.