तळाची काळी रेघ

लेकीकडे पोलंडला गेले होते, तेव्हा सकाळी तिच्याबरोबर पोहण्याच्या बंदिस्त तलावावर जायचे. मी काठावरच बसायची. पाण्याची मला भीती. कडेच्या पट्ट्यात साठीची एक बाई पोहत असे. पाणी उडत नसे, आवाज होत नसे. हात वर यायचा, पुढे पडायचा, आणि बाई पुढे सरकलेली असायची.

"आई, ही पूर्वी देशासाठी पोहायची. लांब पल्ल्याच्या फ्रीस्टाइलमध्ये," लेक म्हणाली.

एकदा ती काठाशी थांबली, तेव्हा लेकीकरवी मी तिला विचारलं, "इतकी वर्षं पोहलात, काय काय पाहिलंत?"

तिने पाण्यात खाली बोट दाखवलं. तळाला फरशांची एक काळी रेघ होती.

"हीच पाहिली. शहरंही पाहिली, पण बसच्या खिडकीतून."

मी थक्क झाले. उमेदीची सगळी वर्षं एका रेघेवर. श्वासापुरतं तोंड बाहेर काढायचं आणि पुन्हा रेघ. मी रोजच्या चार पोळ्या लाटतानाही कुरकुरते. हिला कंटाळा आला नसेल? आला असेलच. तरी दुसऱ्या सकाळी ती पाण्यात उतरली असेल.

ती पुन्हा पोहायला लागली. शेवटी भिंतीला हात लावला आणि तिची मान झटकन वर वळली.

"शर्यत संपली की फलकावर आपली वेळ बघतात. ती सवय," लेक हळूच म्हणाली.

इथे फलक नव्हता. तिथे एक खिडकी होती आणि बाहेर उजाडत होतं. फलकावर आपलं नाव सर्वांत वर दिसावं, तशी ती त्या उजेडाकडे पाहत राहिली.