बिनधुराचं औषध

मी नोकरीला लागेपर्यंत आमच्या घरात डास नव्हते. चेन्नईत राहिलेल्या माणसाला हे खोटं वाटेल. पण आमचं घर म्हणजे जुन्या सराफ बाजारातल्या एका गल्लीत, गलाईच्या दुकानामागची एकच खोली होती. सांगलीकडून आलेली आमच्यासारखी कितीतरी घरं ह्या धंद्यात आहेत. सोनाराकडचं मोडीचं सोनं आणि झाडलेली धूळ आणायची, भट्टीत वितळवायची, तेजाबात टाकून शुद्ध करून द्यायची. सोनं दुसऱ्याचं, धूर आमचा. तेजाब तापलं की तपकिरी-पिवळा धूर उठायचा, खोलीत शिरायचा आणि तिथंच मुक्काम करायचा. आईची पितळी भांडी हिरवी पडायची. माझ्या शाळेच्या गणवेशाला बारीक भोकं असायची. मुली विचारायच्या, तुमच्याकडे उंदीर फार आहेत का? मी हो म्हणायचे. उंदीर सांगायला सोपे होते.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ह्या धुराचं कौतुक होतं. "सबंध गल्ली डासांनी फोडून काढलीय, आन् आपल्यात एक न्हाई," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. सांगताना खोकायचे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. रसायनशास्त्र, पहिला वर्ग. मोठेपणा म्हणून सांगत नाही असं लोक म्हणतात. मी मोठेपणा म्हणूनच सांगते. पहिल्या वर्षाला आमच्या बाईंनी प्रयोगशाळेत त्याच तेजाबाची बाटली काढली आणि धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटाबाहेर तिचं झाकण कुणाला उघडू दिलं नाही. आमच्या खोलीत तसल्याच बाटलीशेजारी आम्ही जेवत होतो. घरी येऊन सांगितलं तर अण्णा म्हणाले, "बाईला काय जातंय सांगायला. तिचं पोट त्याच्यावर न्हाई."

मला चेन्नईतल्याच गिंडी भागात एका छोट्या कारखान्याच्या तपासणी विभागात नोकरी लागली तोवर अण्णांची फुप्फुसं गेलेली होती. दुकान बंद केलं. वेलचेरीत भाड्याचा फ्लॅट घेतला. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं, महिनोन् महिने हलत नाही, आणि मग डास. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: घरात कसलाही धूर नको. कॉइल नको, धूप नको, उदबत्तीसुद्धा नको. शिवाय डासांचा ताप येऊ देऊ नका, ह्यांना तो झेपायचा नाही. मी खिडक्यांना, बाल्कनीच्या दाराला जाळी बसवून घेतली. घरापुरता प्रश्न मिटला.

पण अण्णांना घरात राहायचं नव्हतं. गावाकडे त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, अंथरुणाला खिळली होती. भावंडांत हे दोघंच उरले होते. चुलतभावाचा फोन आला की अण्णा एवढंच विचारायचे, "बोलती का?" तिकडून उत्तर यायचं, "बोलती, पण तुमचंच नाव घेती." मग ते फोन ठेवायचे आणि गावाकडच्या गाडीची वेळ विचारायचे.

जाणं म्हणजे आधी रेल्वे, मग एसटी, मग गाव. आमच्या गावात दिवेलागणीला गोठ्यात धुरी होते, शेणी आणि कडुलिंबाचा पाला. अंगणात सगळे त्या धुरात बसतात. अण्णा धुरात बसू शकत नव्हते आणि डासांतही बसू शकत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "न्यायचं तर अंगाला लावायचं काहीतरी घेऊन न्या."

मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. "अण्णांना खोकला आहे, वास उग्र नको," असं तमिळमध्ये सांगितलं. दुकानदार म्हणाला, "थोरला भाऊ तुमचा? सिगरेट सोडायला सांगा त्याला." तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. वडील आहेत म्हटल्यावर तो ओशाळला आणि त्याने काउंटरवर सगळा बाजार मांडला. मनगटाला बांधायचा सुगंधी पट्टा, गवती चहाच्या वासाचं महागडं तेल, लहान बाटलीतला फवारा, आणि तळातून काढलेली एक साधी स्वस्त मलमाची ट्यूब. मी प्रत्येकावरची बारीक अक्षरं वाचली. ट्यूबवर औषधाचं नाव आणि टक्के स्पष्ट छापलेले होते. पट्ट्यावर नुसती हिरवी पानं होती. तरी ट्यूब, तेल आणि पट्टा तिन्ही घेऊन आले. घरात एक परीक्षक बसलाय हे मला माहीत होतं.

अण्णांनी ट्यूब हुंगली आणि परत दिली. "ह्याला धूर न्हाई, धड वास न्हाई. डास काय लाजून पळायचं?"

"अण्णा, तो पळत नाही. त्याला माणसाचा माग लागत नाही, एवढंच."

"तू शिकलीस म्हणून डासाला बी शिकिवतीस व्हय?"

आई हसली. मीही हसले, आणि तिथंच चुकलं. मला वाटलं, दोन दिवसांत ऐकतील.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर जिन्यातच वास आला. अण्णांनी बाल्कनीत दुकानातली सोनं वितळवायची जुनी मूस मांडून तिच्यात कडुलिंबाचा वाळका पाला पेटवला होता. गावाला जाण्याआधी सवय करून बघतो, असं आईला सांगितलं होतं. मी पोचले तेव्हा ते जाळीच्या दाराला धरून उभे होते. तोंड उघडं, ओठ निळसर, आणि आत हवा जात नव्हती. आई मूस पाण्यात बुडवत होती आणि रडत होती. वाफेचं यंत्र लावलं, मग रिक्षा, मग दवाखाना. डॉक्टर मला म्हणाले, "शिकलेल्या आहात ना तुम्ही?"

घरी आल्यावर अण्णांना जरा बरं वाटू लागलं तेव्हा मी ट्यूब परत त्यांच्यापुढे ठेवली. मी विचारलं, "सोनार शंभर नंबरी म्हणाला म्हणून कधी सोनं घेतलंत? कस बघितल्याशिवाय?"

"न्हाई."

"मग माझ्यावर विश्वास ठेवू नका. कस बघा."

संध्याकाळी मी जाळीबाहेर बाल्कनीत बसले. एका हाताला ट्यूबमधलं मलम, दुसऱ्याला तेल. अण्णा आत खुर्चीवर, लांब बाह्या, पायात मोजे, जाळीला नाक लावून. हात माझे, नजर त्यांची. डास बसला की ते आतून ओरडायचे, "डावीकडं! हाण!" आणि तो चावायच्या आत मी झटकायचे. शेजारच्या बाल्कनीतल्या बाई आईला विचारून गेल्या की घरात सगळं ठीक आहे ना.

तेलाचा हात आधी पडला. घमघमाट होता तोवर ठीक, मग डास बिनदिक्कत बसू लागले. ते धुऊन त्या हाताला पट्टा बांधला, तर पट्ट्याच्या बोटभर वर डास बसला. मलमाच्या हातावर घिरट्या घालायचे आणि निघून जायचे. अंधार पडला तरी तेच. पायांना मी काहीच लावलं नव्हतं, ते मात्र डासांनी फोडून काढले.

"म्हंजी लावलंय तेवढ्यालाच," अण्णा म्हणाले.

"तेवढ्यालाच. घोट्याला, कानामागं, मानेला, सगळीकडं लावायचं. घाम आला की परत. डोळ्यात नाही, तोंडात नाही, जेवायच्या आधी हात धुवायचे."

त्यांनी ट्यूब हातात घेतली. "तिकिटं बघ," म्हणाले.

गाडीत बसल्यापासून ते मी सांगेन तेव्हा निमूटपणे लावून घेत होते. एवढे निमूट मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि ते बघवत नव्हतं. गावात पोचलो तर गोठ्यात धुरी तयार. मी ती विझवायला सांगितली.

माझे एक चुलत चुलते म्हणाले, "मद्रासची मॅडम आली गं बाई. जन्मभर तेजाब ओढलं त्यानं, आन् आता शेणीचा धूर सोसंना?"

आतून आत्याचा आवाज आला. एवढा आवाज तिच्यात कुठून आला कोण जाणे. "विझवा रं ती. म्हशीला चावलं तर चावू द्या. माझा भाऊ बसणाराय हितं."

धुरी विझली. आत्याची बाज ओसरीवर आणली. अण्णांनी स्वतः ट्यूब उघडली आणि आधी तिच्या हातापायांना मलम लावलं. तिच्या हातांवर लावायला फारसं काही उरलंच नव्हतं. मग मी त्यांच्या मानेला लावलं. दोघं तिथं बसून राहिले. बोलणं थोडंच, तेही मेलेल्या माणसांचं. झोपायला मच्छरदाणी बांधली. रोज संध्याकाळी हेच, निघायचा दिवस येईपर्यंत.

आम्ही परतल्यावर थोड्याच दिवसांत आत्या गेली. अण्णांची फुप्फुसं सुधारली नाहीत, सुधारणारही नाहीत. पण त्या मुक्कामात त्यांना एकदाही दम लागला नाही, ताप आला नाही, आणि ते आपल्या बहिणीशेजारी उघड्यावर बसून आले.