साडेसाती नव्हे, शनिवार

परभणीच्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्या दंडावरचा पट्टा सोडला आणि म्हणाले, "सिस्टर, आठवड्यातून एक दिवस पूर्ण आडवं पडायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण. चार महिन्यांनी पुन्हा बघतो. रक्तदाब उतरला नसेल तर तुम्हाला खेड्यातून काढून इथं कोठीत बसवा, असं मला लिहावं लागेल." कोठी म्हणजे कापूस, पट्ट्या आणि फिनेलच्या बाटल्यांची खोली. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. बावीस वर्षं बायकांची बाळंतपणं केली आणि आता उरलेलं आयुष्य बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या? तळपायाची आग मस्तकात गेली. पण डॉक्टर वयानं लहान, स्वभावानं सरळ आणि बोलत होते ते खरं, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती.

मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मुंबईकडच्या आम्हा काही नर्सांच्या बदल्या इकडे झाल्या. माझ्या वाट्याला पालमपासून तीन कोसांवरचं एक गाव आलं. दोन खोल्यांचा दवाखाना, मागं माझी राहायची खोली, समोर लिंब. पालमचे डॉक्टर आठवड्यातून एकदा एसटीनं यायचे, तेही गाडी आली तर. बाकी सगळा कारभार माझा. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एकुलता भाऊ बायकापोरांसकट इस्राएलला निघून गेलेला. मला लोक विचारत, एवढ्या लांब एकटी कशी राहते बाई? मला काम होतं, म्हणून राहत होते. काम काढून घेतलं असतं तर मी काय होते, ते मलाही सांगता आलं नसतं.

मी कोकणातली, बेने इस्राएल, म्हणजे इथलीच यहुदी. आमचे वाडवडील घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून आजूबाजूचे लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. माझे वडील शनिवारी घाण्याकडे बघतसुद्धा नसत. नर्सिंगला गेले आणि माझा शनिवार सुटला तो सुटलाच. रुग्णालयात कुठला आलाय शनिवार. आता डॉक्टरांनी एक दिवस आडवं पडायला लावलंच होतं, तर मी म्हटलं, तो दिवस वडिलांचा असू दे. निदान आळशासारखं पडले आहे असं तरी वाटणार नाही.

नुसतं पडून डोकं फिरायला लागलं, म्हणून कोकणातल्या आमच्या गावच्या मास्तरांना पत्र टाकलं. मास्तर म्हणजे मराठी शाळेतून निवृत्त झालेले आणि आमच्या मशिदीत, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, मुलांना हिब्रू शिकवणारे. लहानपणी मी त्यांच्याकडे पाठ केलं होतं सगळं, पण अर्थ कशाचाच ठाऊक नव्हता. त्यांनी एक जुनं मराठी भाषांतर पाठवून दिलं आणि सोबत कार्ड: "वाचून मला सांगू नकोस. मी विचारीन त्याचं उत्तर दे." मास्तर तसेच होते.

पहिलाच प्रश्न त्यांनी माझ्या धंद्यातला काढला. मिसर देशात आपले लोक गुलाम असताना राजानं दोन सुइणींना हुकूम केला, मुलगा झाला तर मारून टाका. सुइणींनी ऐकलं नाही. मास्तरांनी लिहिलं, "गोष्ट तुला माहीत आहे. सांग, सुइणी दोन का? एक पुरली नसती का?"

मला हसू आलं. मी उत्तर लिहिलं, एक दिवसपाळीला, एक रात्रपाळीला. मास्तरांचं कार्ड आलं: "नाही." मग लिहिलं, एक म्हातारी होती आणि एक तरुण. "नाही." शनिवारभर मी खाटेवर पडून त्या दोन बायकांचा विचार करायची. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत करडईच्या तेलाचा दिवा लावायचा, शनिवारच्या भाकरी आधीच करून फडक्यात बांधायच्या, पुस्तक उघडायचं. दुसऱ्या महिन्यात मला वस्त्यांवरचा चढ चढल्यावर धाप लागेनाशी झाली. मी कबूल करत नव्हते, पण मला ते आवडायला लागलं होतं.

गावाला मात्र प्रश्न पडला. एरवी भिंगरीसारखी फिरणारी बाई शनिवारी दार लोटून पडते कशी? एक दिवस पाणी भरायला येणारी बाई म्हणाली, "बाई, साडेसाती हाय का तुमाला?" सगळं जुळतच होतं म्हणा. नवरा गेला, मूल नाही, भाऊ परदेशी, वर हे दुखणं, आणि शनिवारचं व्रत. आता हिला यहुदी कोण, शब्बाथ म्हणजे काय, कुठून सुरुवात करायची? माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, "हो बाई, तसंच समज." ती समाधानानं हंडा घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं की नर्सबाईला साडेसाती आहे आणि ती शनिवार फार कडक धरते.

मी ते विसरूनही गेले.

पुढं एका रविवारी सकाळी गावाबाहेरच्या धनगरवस्तीवरून बोलावणं आलं. गेले तर दोन-तीन घोंगड्या अंथरलेल्या, आणि त्यांच्या मधोमध घरची सून पांढरीफटक पडलेली. शनिवारी दुपारी तिला कळा लागल्या होत्या. वस्तीवरच्या सुईणीनं जमेल ते केलं. मूल आडवं होतं, ते गेलं. आईचं रक्त रात्रभर जात होतं. मी हाताला येईल ते केलं, गाडी जुंपायला लावली, तिला पालमला आणि तिथून परभणीला घेऊन गेले. ती वाचली. गाडीत बसताना मी तिच्या सासूवर ओरडले, "काल दुपारी कळा लागल्या आणि आज बोलावता?"

सासूनं पदर डोक्यावर ओढला. म्हणाली, "तुमचा शनवार व्हता ना, बाई. तुमचं व्रत मोडाया लावलं असतं तर पाप आमाला लागलं असतं."

 त्या लोकांनी मला मान दिला होता, आणि माझ्या एका आळशी वाक्याची किंमत त्यांच्या मुलानं मोजली होती. मी दवाखान्यापासून त्या वस्तीपर्यंत एका घटकेत पोचले असते. आडवं मूल मी पूर्वी फिरवलेलं होतं. परतीच्या गाडीत मी रडले, आणि कुणी बघितलं तरी पर्वा केली नाही.

शनिवार मी टाकून दिला. दिवा लावला नाही, पुस्तक ट्रंकेत घातलं. शनिवारी मुद्दाम वस्त्यांवर फिरायला लागले, सगळ्यांना दिसेल असं. तिसऱ्या शनिवारी एका बांधावर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि कापसाच्या सरीत बसले. घरी येऊन मास्तरांना चार पानं खरडली. तुमचा शनिवार पाळला म्हणून एक मूल गेलं, आता तुमच्या दोन सुइणी तुमच्यापाशी ठेवा, असं बरंच काही.

मास्तरांचं उत्तर आलं. त्यांनीही डोक्यात राख घालूनच लिहिलं होतं. "जीव वाचवायला शब्बाथ मोडायचा असतो, हे मी सात वर्षांच्या पोरांना शिकवतो. तुलाही शिकवलं होतं. तू ते गावाला सांगितलंस का? दिवस तू पाळलास, आणि तो काय आहे ते लपवून ठेवलंस. मूल शनिवारानं नाही नेलं. आणि माझा प्रश्न बाकी आहे. गावात सुइणी किती आहेत?"

ते शेवटचं वाक्य मी उभ्या उभ्या चार वेळा वाचलं. गावात सुईण होती ना. वस्तीवरची तीच, साठीची धनगरीण. गावात आल्या आल्या मी तिच्या हातातला नाळ कापायचा विळा हिसकावून फेकून दिला होता आणि चारचौघींत तिला अडाणी म्हटलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. तिची आठवण झाली की मी नाक मुरडायची. सगळं मलाच येतं, माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नाही, हे मला फार आवडायचं. रक्तदाब उगीच चढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मेंढरांच्या वाड्यावर गेले. ती एका कोकराचा पाय चोळत होती. वर बघितलं नाही. मी समोर खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. मला साडेसाती नाही, मी खोटं बोलले. आम्ही यहुदी, आमचा देव एक, सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विसावा. मालकानं बसायचं, गड्यानं बसायचं, बैलानंसुद्धा बसायचं. पण जीव धोक्यात असेल तर उठायचं, आणि उठलं नाही तर ते पाप.

"बैलाला बी?" तिनं विचारलं.

"बैलाला बी."

"लय शाना हाय तुमचा देव." तिनं कोकरू सोडलं. "आन मला कवा सुट्टी हाय, बाई? शनवार तुमचा. मंग माझा कोंचा?"

 तिला असा प्रश्न कधी कुणी पडू दिला नव्हता आणि मीही नाही. बसल्या जागी आम्ही ठरवलं, सोमवार तिचा. सोमवारी वस्तीवर काही झालं तर मी एकटी बघीन, शनिवारी ती. बाकीचे दिवस दोघी. मी म्हटलं, पण आधी मी शिकवीन ते शिकायचं. ती म्हणाली, "आन म्या शिकवीन ते तुमी."

मास्तरांना मी लिहिलं, सुइणी दोन, कारण एक जण कधीतरी बसलीच पाहिजे, आणि एकटीला बसता येत नाही. या खेपेला कार्डावर "नाही" नव्हतं. पुढचा प्रश्न होता.

गावासाठी मी कोतवालाकडून दवंडी पिटवली. हलगी वाजवून तो ओरडला, "ऐका हो ऐका, नर्सबाईला साडेसाती न्हाई! शनवारी बाळंतिणीसाठी बाईला बोलावलं तर पाप न्हाई, अडलेली असून न्हाई बोलावलं तर पाप हाय!" चावडीवर लोक पोट धरून हसले. मी शरमेनं लाल झाले, पण पुढच्या गल्लीत त्याला आणखी मोठ्यानं ओरडायला लावलं.

म्हातारी शिकायला चिवट निघाली. नखं काढायची, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, पातं आणि दोरा उकळायचा. रक्त थांबत नसेल, मुलाचा हात आधी आला असेल किंवा दिवस मावळून उगवला तरी मूल येत नसेल, तर बोलवायचं. हे ती मेंढरांमागं चालताना घोकायची. तिनं मला पोटावरून बोटं फिरवून डोकं कुठं आहे ते डोळे मिटून ओळखायला लावलं. शेकडो मेंढ्या तिनं सोडवल्या होत्या. बावीस वर्षांत माझ्या बोटांना जे कळलं नव्हतं ते तिच्या हाताखाली तीन आठवड्यांत कळलं, आणि हे लिहितानासुद्धा मला थोडं जड जातंय.

चार महिने भरल्यावर परभणीच्या डॉक्टरांनी पट्टा आवळला, पाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उतरलाय. पण फार नाही. आणखी सहा महिने देतो. एक शनिवार चुकला तरी कोठी." मी म्हटलं, बाळंतीण अडली तर चुकणार. ते म्हणाले, मग तेवढाच चुकू दे.

आणि चुकलाच, पण वर्ष उलटल्यावर, डॉक्टरांनी मुदत पुन्हा वाढवून दिल्यानंतर. थंडीचे दिवस होते, दुपार कलली होती, मी पुस्तक घेऊन लिंबाखाली बसले होते. सुईणीची सून धावत आली. "आत्तीनं बोलावलंय. हात आधी आलाय म्हनली, माझ्या एकलीचं न्हाई." त्या म्हातारीनं साठ वर्षांत हे वाक्य कधी उच्चारलं नसेल. मी पिशवी उचलली. तीच वस्ती, तेच घर, तीच सून. गेल्या खेपेचं मूल जिनं गमावलं होतं ती.  म्हातारीनं पाणी उकळून ठेवलं होतं, पातं, दोरा, सगळं मांडलेलं होतं. ती वरून पोट धरून राहिली, मी आतून मूल फिरवलं. ती सांगायची तेव्हा थांबायचं, मी सांगायची तेव्हा तिनं दाबायचं. एकटीचं ते काम नव्हतंच, ना तिचं, ना माझं.

मुलगी झाली. जरा वेळानं रडली. सासू दारात बसली होती, ती पदरात तोंड घालून हमसून हमसून रडायला लागली. वार पडली, रक्त थांबलं. मी नाडी मोजली, पुन्हा मोजली, पुन्हा पोटावर हात ठेवला. आज रात्री मी इथंच राहते, असं म्हणत पिशवीतून शाल काढायला लागले.

म्हातारीनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि बंद केली. "रगत थांबलंय. म्या बसलेय तिच्याजवळ. काय वाटलं तर बोलवीन, तुमाला ठावं हाय मी बोलवीन." तिनं दाराबाहेर बघितलं. सूर्य अजून बाभळीच्या वर होता. "जा आता घरी. तुमचा शनवार थोडा उरलाय."

अवघड बाळंतपण सोडून रात्र पडायच्या आत घरी जायला इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. मी पिशवी घेतली आणि घरी गेले.